तंबूतला पानमळा

मानसिंगतात्या साताऱ्यात लेकीच्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात ओल्या गोणपाटात बांधलेलं एक पुडकं. पिशवी एसटीत वरच्या फळीवर गेली होती. पुडकं मात्र मिरजेपासून मांडीवर होतं. शेजारी बसलेल्या बाईला कराडच्या पुढं राहवलं नाही. तिनं विचारलं, "ल्हान मूल हाय का काय त्यात, बाबा?"

"मूल न्हाई," तात्या म्हणाले, "म्हातारं हाय. आमच्या आज्ज्याच्या आधीचं."

पुडक्यात पानवेलीचं बेणं होतं, म्हणजे वेलीची बोटभर जाडीची कांडी, नवी वेल धरण्यासाठी कापून आणलेली. मिरजेच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या त्यांच्या गावात तात्यांच्या घराचा पानमळा होता. तीन पिढ्या तरी एकच वेल चालत आली होती. पान लहान, काळसर हिरवं, देठाशी किंचित तांबूस. तोंडात टाकलं की आधी जिभेला चावायचं आणि मग हळूहळू गोड व्हायचं. मिरजेच्या बाजारात जुने पानवाले ते न विचारता ओळखत. पुढं लोकांना मोठी, फिकी, जास्त उतरणारी पानं हवीशी झाली. मळेकऱ्यांनी वेली बदलल्या, बऱ्याच जणांनी मळे मोडून ऊस केला. या घरानं वेल बदलली नाही.

मग महापूर आला. पाणी मळ्यात आठवडाभर उभं राहिलं. ते उतरलं तेव्हा वेली हिरव्या दिसत होत्या, म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. पण मातीत मर शिरली होती. मर हा पानमळ्याचा जुना वैरी. मुळं आतल्या आत कुजतात आणि वरून चांगली दिसणारी वेल एका सकाळी मान टाकते. दोन वर्षांत मळा ओळीओळीनं गेला. त्याच काळात तात्यांचे थोरले बंधूही गेले. घरात सगळे त्यांना दादा म्हणत. उरली त्यांची बायको अंबूबाई, आणि विहिरीच्या कोपऱ्यातल्या उंचवट्यावरच्या काही वेली.

अंबूबाई ऐंशीला टेकलेल्या. दोन्ही डोळ्यांत सारा, म्हणजे मोतीबिंदू पिकलेला, पण वेलीला हात लावला की कांडं कोवळं की जून हे त्या बोटांनी सांगत. त्यांनी नातवाला, शिवतेजला, मळ्यापासून दूर, मर न लागलेल्या मातीत एक पट्टी राखायला लावली होती. पावसाळ्यात त्या पट्टीत शेवरी आणि शेवगा टोकला होता. पानवेलीला आधी सावली लागते, मग पाणी, मग माणूस. पुढच्या पावसाळ्यापर्यंत शेवरी डोक्याएवढी झाली असती आणि तिच्या सावलीत नवी वेल लावता आली असती. पण कोपऱ्यातल्या वेलींनी तेवढा दम धरला नाही. माघात त्याही पिवळ्या पडायला लागल्या. कृषी खात्याच्या साहेबानं सांगितलं, निरोगी कांडी कापा, या मातीपासून लांब न्या, नव्या भुशात धरा.

"कुठं न्यायची?" शिवतेजनं विचारलं.

त्यावर मानसिंगतात्या बोलून गेले, "माज्या जावयाकडं तंबू हाय."

त्यांचा जावई जयराज शिरवळच्या कारखान्यात नोकरीला होता. मध्यंतरी त्यानं महाबळेश्वरच्या हॉटेलांना कोवळ्या भाज्या पुरवायचा जोडधंदा काढला होता आणि त्यासाठी मागच्या खोलीत एक तंबू उभा केला होता. माणूस उभा राहील एवढा, बाहेरून काळा, आतून चांदीसारखा चमकणारा. वर पाटीसारखा चपटा दिवा, बाजूला हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा, खाली हवा आत यायला जाळीच्या दोन खिडक्या. धंदा बसला, तंबू राहिला. आता त्यात चादरी वाळत.

अंबूबाईंनी बेणं स्वतः कापलं. शिवतेज हाताला धरून कोपऱ्यात घेऊन गेला, त्यांनी एकेक वेल चाचपली, चांगलं कांडं सापडलं की "हे" म्हणाल्या. गोणपाट बांधून तात्यांच्या हातात देताना त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, मागं आता काय राह्यलं न्हाई. हेच हाय."

"वैनी, मिरग सुरू व्हायला परत आणतो. वेल करून आणतो."

"आना," त्या म्हणाल्या.

मानसिंगतात्यांचा शब्द मोडत नाही, असं गावात म्हणत, आणि ते खरं होतं. विशीच्या आत ते पलटणीत गेले. जम्मू, राजस्थान, नागालँड असं करत हवालदार होऊन सुटले आणि पुढंही परगावीच रखवालदारी केली. बूट, अंथरूण, जेवणाची वेळ, सगळं अजून फौजेतल्यासारखं. बायको लवकर गेली, एकुलती लेक प्रियदर्शनी वैनींनीच वाढवली. मळाही वैनींनी आणि दादांनीच सांभाळला. वेल बांधायची, वर गेलेली वेल वर्षाला खाली उतरवून पुन्हा मातीत दाबायची, भल्या पहाटे पान खुडायचं, हे सगळं त्या दोघांनी केलं. महिन्याच्या त्या चार दिवसांत रिवाजाप्रमाणं वैनींना मळ्यात पाऊल टाकता येत नसे. तेव्हाही त्या कुडाबाहेर उभ्या राहून दादांना कुठली वेल सुटलीय ते सांगत. तात्या सुट्टीवर यायचे ते दिवाळीत, नाहीतर श्रावणात. तेव्हा मळा गच्च हिरवा असे. ते पाहुण्यासारखे आत जात, चार पानं खुडत, पलटणीतल्या दोस्तांसाठी पुडा बांधून घेत आणि परत जात. पण अभिमान सगळ्यात जास्त त्यांनाच. नागालँडच्या चौकीवर मद्रासी सुभेदाराला पान देऊन ते म्हणाले होते, "साब, ये पत्ता दुनिया में एकही जगह मिलता है, मेरे घर में."

मळ्याचे नियम त्यांना पाठ होते. आंघोळ केल्याशिवाय आत जायचं नाही. चपला बाहेर. दुपारी मळ्यात पाऊल टाकायचं नाही, वेल निजलेली असते. आणि सगळ्यात मोठा नियम वाऱ्याचा. मळ्याच्या चारी बाजूंना तुरकाट्यांचा आणि पाचटाचा कूड असतो, त्याच्या ताट्यांत बोट जाईल एवढी फट दिसली तरी त्याच दिवशी बुजवायची. वारं लागलं की पान करपलं. हे नियम ते फौजेतल्या हुकमासारखे पाळत. हुकमाचं कारण विचारायचं नसतं. त्यांना मळ्याचे नियम ठाऊक होते, मळा ठाऊक नव्हता. हा फरक त्यांच्या कधी लक्षात आला नाही, आणि दुसऱ्या कुणाच्याही आला नाही.

साताऱ्यात प्रियदर्शनीनं चादरी काढल्या, तंबू पुसला. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका, हात स्वच्छ आणि झटपट. जयराजनं नारळाच्या भुशाच्या पिशव्या भरल्या, कांडी रोवली, दिवा लावला. दिवा आणि पंखा एकाच घड्याळाच्या बटणावर होते. सकाळी सहाला दोन्ही सुरू, संध्याकाळी सहाला बंद. आत त्यानं उष्णता दाखवणारं काडेपेटीएवढं एक यंत्र टांगलं.

"मामा, बाकी काही करू नका. पाणी फवारा. फक्त पंखा बंद करू नका," तो म्हणाला. सासऱ्यापुढं तो मोजकंच बोलायचा. पंखा का बंद करायचा नाही, हे त्यानं सांगितलं नाही. सासऱ्याला शिकवल्यासारखं झालं असतं.

"झालं, आमच्या घरात आयसीयू उघडला," प्रियदर्शनी म्हणाली. "तात्या, पेशंटला भेटायची वेळ काय?"

"सकाळची. आंघोळ करून. आणि दुपारी कुणी तिकडं फिरकायचं न्हाई."

"अहो, ही मागची खोली आहे, मळा नाही!"

"आता मळाच हाय," तात्या म्हणाले, आणि चपला खोलीच्या उंबऱ्याबाहेर काढून ठेवल्या. त्या दिवसापासून सगळ्यांना तिथं अनवाणी जावं लागलं. रात्री खिडकीतून गुलाबीसर उजेड दिसत नसला तरी पहाटे दिसायचा. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा जिन्यात हळूच म्हणाले, "जयराजराव, गांजाबिंजा नाही ना लावला?" जयराज म्हणाला, "सासरे लावलेत." हा विनोद घरात बरेच दिवस चालला.

माघाची थंडी होती. साताऱ्यात ती अंगात शिरते. तात्या पहाटे आंघोळ करून तंबूची चेन खाली ओढत तेव्हा आत पंख्याची घरघर चालू असे आणि हातावर गार झुळूक येई. बेणं जसंच्या तसं. कांड्यांचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मिटलेले. ते रोज बघत आणि रोज त्यांचं मन त्या झुळुकीवर अडे. मळ्यात वारं? दादांनी बघितलं असतं तर?

एका सकाळी त्यांनी पंख्याची पिन काढली. नुसती बघू म्हणून.

आणि कांड्यांनी डोळे उघडले. पाच-सहा दिवसांत देठाशी तांबूस टोकं दिसली, मग सुपारीएवढी पानं. तंबूत उबदार, ओलसर, श्रावणातल्या मळ्यासारखं वाटायला लागलं. तात्यांनी हात दिव्याखाली धरून पाहिला. कोंबडीच्या पिलांना लावतात त्या पिवळ्या बल्बाखाली हात धरवत नाही. या दिव्याचा उजेड हाताला लागतच नव्हता. थंड दिवा, त्यांनी ठरवलं. ऊब आली ती वारं थांबल्यामुळं. थंडीत बाहेरची खोली गार होती म्हणून आत साठणारी धग वेलींना मानवत होती, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. कुणाला विचारायचं, तर आधी पंखा बंद केला हे सांगावं लागलं असतं.

त्यांनी शिवतेजला व्हिडिओ कॉल लावला. शिवतेजनं मोबाईल आजीपुढं धरला.

"वैनी, बघा! पानं धरली!"

"मला कुठलं दिसतंय," अंबूबाई म्हणाल्या. "किती मोटं हाय?"

"सुपारीयेवडं."

"चुरगाळून बघितलं का?"

"एक बघितलं. आपलाच वास हाय वैनी. तिखाट."

मग त्या म्हणाल्या, "सारका हात लावू नगा. त्यास्नी बी जरा एकटं राहू द्या."

"आत्ती, आजीनं आज दोन भाकरी खाल्ल्या," शिवतेज नंतर प्रियदर्शनीला म्हणाला. "लय दिवसांनी."

घरात त्या दिवसांत एक निराळाच उत्साह होता. प्रियदर्शनी ड्यूटीवरून आली की आधी "पेशंट कसे आहेत?" विचारायची. जयराज आठवड्याला एकदा भुसा तपासायचा, पण तो घरी पोचायचा आठ वाजता. तेव्हा दिवा बंद, खोली निवलेली. पंखाही तसाच बंद असायचा, कारण दोघांचं बटण एकच, असं त्याला वाटे. यंत्रावर जो आकडा दिसे तो संध्याकाळचा असे आणि तो चांगलाच असे.

मग होळी झाली, पाडवा झाला. ती खोली वरच्या मजल्यावरची, पश्चिमेची. चैत्र लागला तसा स्लॅब दिवसभर तापून रात्रीपर्यंत धग सोडायला लागला. पहिल्यांदा पानांच्या कडा तपकिरी झाल्या. तात्यांनी ते पाहिलं आणि त्यांच्या तोंडून मळ्यातला शब्द निघाला: "वारं लागलं."

ते वारं शोधायला लागले. पंखा तर बंद होता. पंख्याच्या नळीतून येत असेल म्हणून त्यांनी नळीचं तोंड फडक्यानं बांधलं. खालच्या जाळीच्या खिडक्यांवर गोणपाट लावून चिकटपट्टी मारली. खोलीची खिडकी लावून घेतली. तंबूच्या चेनीलाही एक फट होती, तिथं कापडाचा बोळा कोंबला. काम नीट केलं, फौजेत शिकल्याप्रमाणं. कुडात बोट जाईल एवढी फट उरू दिली नाही. भुसाही आता मीच बघतो, असं त्यांनी जयराजला सांगून टाकलं.

सकाळी, दिवा नुकताच लागलेला असताना, ते आत पाहत. रात्रभर निवलेली हवा गालाला गार लागे. पानं मलूल दिसत, पण सकाळीच तर बरी असतात, असं त्यांना वाटे. भरपूर पाणी फवारत, चेन ओढून घेत, आणि नियमाप्रमाणं पुन्हा दुसऱ्या सकाळपर्यंत तिकडं पाऊल टाकत नसत. वेल निजलेली असते.

करपणं थांबेना. रात्री त्यांना झोप लागेनाशी झाली. जेवताना प्रियदर्शनीनं विचारलं, "तात्या, बेणं ठीक आहे ना?"

"हाय की."

"मग तुम्ही असे का?"

"उन्हाळा बाधतोय जरा."

त्यांनी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. पण वैनींना शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मोडतोय असं मोठ्यानं म्हणायची त्यांना सवय नव्हती.

वैशाखात एका रविवारी जयराज घरी होता. दुपारी जेवण झाल्यावर मागच्या खोलीतून कसलीतरी पक्कड आणायला तो गेला आणि लगेच हाक मारली, "मामा, ही खोली एवढी का तापलीय?" तात्या पलंगावर आडवे होते. चेन ओढल्याचा आवाज आला तसे ते ताडकन उठले.

"जावईबापू! दुपारचं उघडू नगा!"

"अहो मामा, ही चेन हाताला चटका देतेय..."

"उघडू नगा म्हणतो ना! निजल्यात त्या!"

पण चेन खाली आली होती. आतून जी हवा बाहेर आली ती तोंडावर मारल्यासारखी आली. इडलीपात्राचं झाकण काढल्यावर येते तशी, गरम आणि ओली. जयराज मागं सरकला. दिव्याच्या वरच्या बाजूला धातूच्या पट्ट्या होत्या, तिथं त्यानं हात नेला आणि झटकला. मग पंख्याकडं पाहिलं, पिनेकडं पाहिलं, नळीला बांधलेल्या फडक्याकडं, जाळीवरच्या गोणपाटाकडं. टांगलेलं यंत्र त्यानं हातात घेतलं. त्यात आत्ताचा आकडा दिसे, आणि बटण दाबलं की आजवरचा सगळ्यात मोठा आकडाही दिसे. त्यानं बटण दाबलं.

"किती?" तात्यांनी विचारलं.

"एकोणपन्नास."

"पर दिवा तर गार हाय," तात्या म्हणाले. "म्या हात लावून बघितला. गार हाय."

जयराज जमिनीवर बसला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "मामा, खालून गारच लागतो. पण त्यात वीज जाते, ती जाणार कुठं? थोडी वरच्या पट्ट्यांतून धग होऊन निघते. उरलेली उजेड होते, तो उजेड पानांवर पडतो, कापडावर पडतो, आणि त्याचीही शेवटी धगच होते. तंबू बंद असला की ती आतच साठते. म्हणून पंखा. तो वारं द्यायला नव्हता. धग बाहेर न्यायला होता."

"तुमी बोलला न्हाईसा."

"नाही बोललो," जयराज म्हणाला. "बोलायला पाहिजे होतं."

प्रियदर्शनी आली. तिनं एक पिशवी बाहेर घेतली. पानं उकडलेल्या पालेभाजीसारखी काळपट, मऊ. तिनं अंगठा आणि बोटात कांडं धरून दाबलं, वरून खाली, नाडी बघत जावी तसं. कांड्यातून पाणी आलं. दुसरी पिशवी, तिसरी. तात्या तिच्या तोंडाकडं बघत उभे होते. दवाखान्यात नातेवाईक उभे राहतात तसे.

"पंखा लावा ना," ते म्हणाले. "गार पाणी मारू. बर्फ आणतो मी खालनं."

त्यांनी बर्फ आणला. तिनं आणू दिला. संध्याकाळपर्यंत तिघांनी ओली फडकी बदलली, पंखा लावला, खिडक्या उघडल्या. एक कांडं वरून हिरवं होतं, त्याच्यावर दोन दिवस सगळ्यांची नजर होती. तिसऱ्या दिवशी तेही मऊ पडलं. प्रियदर्शनीनं बापाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तात्या, आता पुरे." ते म्हणाले, "व्हय." आणि ते मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिले. जेवायला उठले नाहीत.

गावाकडं मीच सांगीन, असं लेकीजावयाला बजावून पुढचा महिना त्यांनी एसटीत काढला. पानमळेकऱ्यांत एक रीत आहे: बेणं विकायचं नाही, मागणाऱ्याला द्यायचं. एकाचा मळा गेला तर दुसऱ्याकडून त्याची वेल परत मिळावी, हा त्यातला हेतू. दादांनी कुणाकुणाला बेणं दिलं होतं ते तात्यांना अर्धवट आठवत होतं. पहिल्या गावात मळ्याच्या जागी ऊस होता. मालक म्हणाला, "दादांची वेल? ती आमच्या बानं काढली. हिशेब बसंना." दुसऱ्या गावात मळा पुरात गेला होता, घरातल्या पोरानं मोबाईलमधला फोटो दाखवला. फोटोत एक म्हातारा हिरव्या वेलीला टेकून हसत होता. "आमचे आजोबा," पोरगा म्हणाला, "वेलीचा फोटो न्हाई काढला कवा निराळा."

तिसऱ्या गावात मळा होता. मालक धुळाप्पा, तात्यांच्याच वयाचे. त्यांनी तात्यांना ओळखलं, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं.

"फौजी, तुमची वेल माज्याकडं बारा-पंदरा वर्सं हुती. पुरात गेली. ही नंतरची, तिकडनं कर्नाटकातनं आणलेली. पान मोटं हाय, जरा फिकं हाय." मग ते म्हणाले, "तुमच्या वैनींस्नी दिसत न्हाई म्हणता न्हवं? मग न्या की हीच. वेल ती वेलच."

धुळाप्पांनी बेणं कापून ओल्या गोणपाटात बांधून दिलं. ते तात्यांनी घेतलं. गावची गाडी येईपर्यंत पुडकं मांडीवर ठेवून ते फाट्यावर बसले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा, काय सांगायचं याची ते मनात तालीम करत होते. पानं करपली, म्हणून नवीन फुटली. भुशात वाढली, म्हणून फिकी झाली. साताऱ्याचं पाणी निराळं. एकेक वाक्य खरं वाटेल असं त्यांनी घोटून ठेवलं.

मिरग दोन दिवसांवर होता. अंबूबाई सोप्यात बसल्या होत्या. तात्यांची चाहूल लागताच शिवतेज बाहेर आला, "आलं का बेणं?" म्हणत त्यानं पुडकं घेऊन आजीपुढं सोडलं. शेवरी आता डोक्याच्या वर गेली आहे, असं तो सांगत होता. अंबूबाईंनी हात पुढं केला. एक कांडं घेतलं, बोटं पेऱ्यावरून फिरवली. पुन्हा फिरवली. मग पानाचं टोक तोडून चुरगाळलं आणि नाकाशी नेलं. तात्यांना घोटलेलं पहिलं वाक्य म्हणायचं होतं, तोंडही उघडलं होतं.

"कुणाचं हाय हे?" अंबूबाईंनी विचारलं.

"धुळाप्पाचं," तात्या म्हणाले.

"आणि आपलं?"

तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. पंख्याची पिन, गोणपाट, चिकटपट्टी, कापडाचा बोळा, एकोणपन्नास. काही गाळलं नाही. शिवतेज खाली बघत उभा होता. अंबूबाई ऐकत होत्या, त्यांच्या हातातलं कांडं हातातच होतं.

"दुपारचं न्हाई बघितलं?"

"दुपारचं जायाचं नसतं न्हवं वैनी."

"व्हय. दुपारचं जायाचं नसतं," त्या म्हणाल्या. "उघडलं की बाहीरची झळ आत जाती म्हणून. पर चैत-वैशाखात, वारं पडलं आन् आत गुदमाराय लागलं, की दादा सांजचं उत्तरंची ताटी काडून ठिवायचे. तासभर. मळ्याला उसासा टाकू द्यायचे. मग पुन्यांदा लावायचे."

"मला कवा कुणी सांगितलं न्हाई."

"तुमी चैतात कवा हुता हितं, भावजी?"

त्यांच्या आवाजात ठपका नव्हता. त्या नुसतं आठवून बघत होत्या, खरंच कधी होते का. मग म्हणाल्या, "आन् मलाबी सांगायचं सुचलं न्हाई. सगळं सांगितलं. हे तेवडं सांगायचं असतं ह्येच ध्येनात आलं न्हाई."

शिवतेज म्हणाला, "आजी, हे लावूया की. पट्टी तयार हाय, शेवरी झालीया. पान ते पानच."

"न्हाई रं बाबा."

"का पर?"

"परक्याचं लेकरू वाडवायला अंगात दम लागतोय. मी एक वाडिवलंय, मला ठावं हाय." त्या प्रियदर्शनीबद्दल बोलत होत्या, हे तात्यांना कळलं. "आता न्हाई त्यो दम. शेवरी काड, आन् ऊस लाव. तुला लावायचाच हुता. माज्यापायी थांबलास."

शिवतेज गोणपाटाची सुटलेली दोरी गुंडाळायला लागला. ते खरं होतं.

अंबूबाईंनी कांडं चाचपडत परत गोणपाटात ठेवलं, आणि गोणपाटाची टोकं नीट दुमडली. "हे वाळाय लागायच्या आत ज्याचं त्याला देऊन या भावजी. जित्ती वेल हाय, वाया घालवू नगा." मग त्या म्हणाल्या, "आन् तुमी येत जावा. घर तुमचंच हाय. जत्रंला या, दिवाळीला या. निस्तं मळा बगायला म्हणून येऊ नगा आता."

तात्यांनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्या काही म्हणाल्या नाहीत. एरवी "शंभर वर्सं जगा" म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी तात्या पुन्हा धुळाप्पांच्या गावी उतरले. धुळाप्पा वेल बांधत होते. पुडकं परत आलेलं बघून त्यांना नवल वाटलं.

"का वो फौजी? वैनींनी वळीखलं?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "आमच्याकडं जागा न्हाई ऱ्हायली."

धुळाप्पांनी पुडकं घेतलं, सोडून बघितलं, एकही कांडं मेलेलं नव्हतं. "ऱ्हाऊ दे, लावतो मीच," ते म्हणाले. "आला हायसा तर आत या की. गार हाय आत."

"नगो," तात्या म्हणाले. "मी हितंच बरा हाय."

धुळाप्पा आत गेले. बेणं लावताना ते स्वतःशी काहीतरी गुणगुणत होते, ते बाहेर ऐकू येत होतं. तात्या कुडाला टेकून उभे राहिले. साताऱ्याची गाडी चारला होती. त्यांना आता कुठंच घाई नव्हती.